मुलासाठी कासव मागायला येणाऱ्या आईबाबांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या बालपुरवणीत मुलांसाठी पाळीव प्राणी असा एक लेख आला होता. कुत्रा मांजर लव्हबर्ड सगळं झाल्यावर शेवटी कासवाबद्दल चार ओळी, की फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कासव सगळ्यात सोपं, आवाज नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यायला लागत नाही, खर्च नाही, पाच वर्षाचं मूलसुद्धा सांभाळू शकतं. माझं कल्याणला फिशटँकचं दुकान आहे. कासवं मी ठेवत नाही, पण तो लेख आल्यापासून संध्याकाळी कोणी ना कोणी मुलाचा हात धरून येतंच आणि विचारतं, दादा छोटंसं कासव आहे का, पेपरमध्ये आलंय ना. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात आणि तिथे मिळतं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, पत्र लांबलं तर कापा, पण कायद्याचा आणि आजाराचा भाग तेवढा ठेवा.

आता हे छोटंसं कासव म्हणजे काय ते आधी सांगतो. दुकानात जे हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू मिळतं ते रेड इअर्ड स्लायडर. ते आपल्याकडचं नाहीच, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आणि त्याच्या आसपासचं. परदेशी असल्यामुळे त्याला आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण नाही, म्हणून उघड काचेत ठेवून विकतात, दोनतीनशे रुपयांत मिळून जातं आणि बहुतेक जण जोडीच घेतात, का तर एकट्याला करमणार नाही. (कासवाला करमायचा प्रश्न नसतो. लहान टँकमध्ये दोन ठेवली की मोठं झालेलं लहान असलेल्याचे पाय आणि शेपटी चावतं, ती जखम दाखवायला मग माझ्याकडे येतात.) विकताना ते असतं तीनचार सेंटीमीटरचं. नर मोठा झाला की पंधरा ते वीस सेंटीमीटर, मादी पंचवीस ते तीस, म्हणजे जेवायच्या ताटाएवढी. आणि नीट सांभाळलं तर वीस ते तीस वर्षं आरामात जगतं, कधी जास्तच. आता हिशोब करा, तुमचा मुलगा आज सहा वर्षाचा, कासव त्याच्या दहावीला आहे, बारावीला आहे, तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला तरी आहे, लग्न झालं तरी आहे, आणि पाणी बदलतंय कोण तर आई.

आईबाबा प्राणी निवडतात तो दोनच गोष्टी बघून, किंमत आणि आकार, आणि कासवाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खोट्या असतात. प्राणी स्वस्त, त्याचं घर महाग. सोबत जो प्लॅस्टिकचा डबा मिळतो, मध्ये एक प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असलेला, तो कासवाचं घर नाही, फार तर दुकानातून घरी आणायची पिशवी समजा. एका मोठ्या स्लायडरला कमीत कमी चार फुटी टँक लागतो. चार फूट बाय दीड बाय दीड काठोकाठ भरला तर अडीचशे लिटर पाणी होतं, कासवाला एवढं काठोकाठ भरत नाहीत, पण काच, स्टँड, दगड धरून वजन किती होतं ते बघा आणि मग सांगा की वन बीएचकेमध्ये कुठे ठेवणार. फिल्टर माशांपेक्षा दुप्पट ताकदीचा लागतो कारण कासव पाण्यातच खातं, पाण्यातच शी करतं, दोन दिवसात वास सुटतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊन. कासवाला पूर्ण पाण्याबाहेर येऊन कोरडं होऊन शेकायला जागा लागते, तिथलं तापमान साधारण बत्तीस ते पस्तीस डिग्री, आणि तिथे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण, मिळायला लागतात. यूव्हीबी नसेल तर अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही, मग हाडं आणि पाठ मऊ पडते, कडा वर वळतात, पाय थरथरतात. लोक सांगतात, आम्ही खिडकीतच ठेवतो की, मस्त ऊन येतं. खिडकीची काच यूव्हीबी अडवते हो! काचेतून येणाऱ्या उन्हात कासव गरम होईल पण हाडं मजबूत होणार नाहीत. यूव्हीबीची वेगळी ट्यूब येते, तीसुद्धा दिसायला चालू असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचा यूव्हीबी कमी होतो, बदलायला लागते. हे विकणाऱ्यातले शंभरातले किती जण सांगतात मला माहीत नाही, मी तरी गिऱ्हाइकाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही की आम्हाला सांगितलं होतं.

खाण्याचंही तसंच. छोट्या डबीत सुकवलेला झिंगा मिळतो, मूल रोज चिमटीने टाकतं, कासव आवडीने खातं, सगळे खूश. सहाआठ महिन्यांनी डोळे सुजून बंद होतात. घरचे म्हणतात डोळे आलेत, आणि माणसाचे ड्रॉप्स घालतात. बहुतेक वेळा ते ए जीवनसत्त्व कमी पडल्याने होतं, नुसता झिंगा खाऊन. पिल्लू असताना मांसाहार जास्त आणि वाढत जाईल तसा पाला जास्त असं त्याचं खाणं बदलतं, चांगलं पेलेट फूड, म्हणजे गोळ्यांचं तयार खाणं, आणि सोबत हिरवा पाला द्यायला लागतो. नाशिक पुण्याकडे थंडीत पाणी गार पडलं की खाणं सोडतं, एका बाजूला कलंडून पोहायला लागतं, ते बघून मुलं हसतात पण ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. आणि कासवाचा डॉक्टर शोधायला जा बरं. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लीत सापडतात, सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणारे मुंबई पुण्यात हाताच्या बोटावर मोजण्याइतके, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी तर नावच काढू नका.

आता आजाराचं. हे मी डॉक्टर म्हणून नाही, रोज हात टँकमध्ये असलेला माणूस म्हणून सांगतोय. कासव, पाल, सरडा, साप यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, दिसायला एकदम ठणठणीत. जंतू रोज बाहेर पडतीलच असंही नाही, त्यामुळे एकदा तपासून निगेटिव्ह आलं म्हणजे कायमचं सुटलो असं होत नाही. माणसाला जुलाब, ताप, पोटात कळा, आणि लहान मुलांना हे जड जातं. अमेरिकेत एके काळी ही छोटी कासवं घरोघर होती, मुलं ती तोंडात घालायची, पापे घ्यायची आणि आजारी पडायची, शेवटी १९७५ मध्ये तिथल्या सरकारने चार इंचापेक्षा छोट्या पाठीचं कासव विकायलाच बंदी केली. चार इंच का, तर त्याहून मोठं मुलाच्या तोंडात मावत नाही! म्हणजे ज्या देशातून हे कासव जगभर गेलं त्या देशात जे एवढंसं असताना पाळायला विकता येत नाही ते आपण वाढदिवसाला गिफ्ट देतो.

तिथली सीडीसी नावाची आरोग्य संस्था सांगते की पाच वर्षाखालची मुलं, पासष्टच्या पुढची माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांच्या घरात सरपटणारा प्राणी नको. आता आपल्या घरांचा विचार करा, नातू चार वर्षाचा, आजी सत्तरची, दोघं एकाच हॉलमध्ये, आणि टँकही तिथेच. म्हणजे पाच वर्षाचं मूलसुद्धा सांभाळेल असं जे लेखात लिहिलंय तिथेच थांबायला हवं होतं. आणि नुसता हात लावला तरच होतं असं नाही, टँकचं पाणी बादलीने काढून किचनच्या सिंकमध्ये ओततात, तोच फिल्टरचा स्पंज भांडी घासायच्या जागी धुतात, कासव जरा फिरू दे म्हणून फरशीवर सोडतात जिथे धाकटं बाळ रांगतंय. सॅनिटायझरवर भागवू नका, साबण लावून हात धुवायचे, मोठ्या माणसाने उभं राहून धुवून घ्यायचे, आणि टँकची बादली, मग, ब्रश सगळं वेगळं.

आता तुमच्या लेखाबरोबरच्या फोटोचं. मजकूर स्लायडरसारख्या पाण्यातल्या कासवाचा आणि फोटो छापलाय पिवळ्या चांदण्या असलेल्या पाठीच्या कासवाचा, मुलाच्या तळहातावर ठेवलेल्या. ते स्टार कासव, आपल्या देशातलं, जमिनीवर राहणारं. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि त्यात हे कासव पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत, गेलंय. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याचा गुन्हा म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीसुद्धा २०१९ मध्ये त्याला सगळ्यात कडक यादीत टाकलं, कारण चोरट्या व्यापारात सगळ्यात जास्त पकडल्या जाणाऱ्या कासवांपैकी हे एक. आणि फोटो बघून लोक हेच मागतात. माझ्याकडे एक गृहस्थ मोबाइलमध्ये तुमच्या पानाचा फोटो घेऊन आले होते, हेच पाहिजे म्हणाले, वास्तूला पण चांगलं असतं ना. अशा लोकांना मग कोणीतरी हळूच सांगतं की समोर नाहीये, आतून आणून देतो. तुम्हाला एक चौकट टाकून खुलासा छापता आला तर फार बरं होईल.

वास्तूचं निघालंच तर, आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून पुढे जायचं हे मुलांना आपण चालायला लागल्यापासून शिकवतो. त्यामुळे कासव म्हटलं की घरात लक्ष्मी, शांती, दीर्घायुष्य असं काय काय डोक्यात बसलेलं असतं. असू दे, श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यासाठी पितळेचं मिळतं, काचेच्या वाटीत ठेवायचं, त्याला फिल्टर पण लागत नाही.

दुसरा प्रकार गावाकडचा. सुट्टीत मामाने ओढ्यातनं नाहीतर भातखाचरातनं कासव पकडून भाच्याला दिलं, मऊ पाठ असलेलं, हात लावला की पाय झडपेखाली झाकून घेणारं. किंवा विहिरीत सोडायला म्हणून कोणी आणलेलं. हेही पहिल्या परिशिष्टातच आहे, मामाला प्रेमाने सांगा की जिथनं आणलंय तिथेच आजच्या आज सोडून ये. घोरपडीचं पिल्लू, धामण, नानेटी, यातलं काहीच पाळता येत नाही. आपल्याकडचा कुठलाही जंगली साप, कासव, घोरपड घरी आणायची नाही हे एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता तुम्ही म्हणाल हा सगळ्याला नाहीच म्हणतोय, याला मासे विकायचेत. मासे विकायचेत हे खरंच आहे, लपवायचं काय त्यात. पण काही मुलांना खरोखरच या प्राण्यांचं वेड असतं. आमच्या सोसायटीतली एक मुलगी आहे, तिसरीत, तिला डायनासोरपासून सुरुवात होऊन आता जगातल्या सगळ्या सरड्यांची नावं पाठ आहेत, तिला मासा दिला तर ती तोंड वाकडं करेल आणि बरोबरच आहे. अशा मुलासाठी काय, असं मला कोणी नीट बसून विचारलं तर मी आधी वय विचारतो. पाचच्या आत असेल तर विषय बंद. आठनऊच्या पुढे असेल, घरात म्हातारं आजारी माणूस नसेल, आणि आई किंवा बाबा यापैकी एकाला स्वतःला आवड असेल (हे सगळ्यात महत्त्वाचं, प्राणी मुलाच्या नावावर येतो पण राहतो मोठ्यांच्या जिवावर) तर मग एकच नाव मी घेतो, लेपर्ड गेको.

लेपर्ड गेको म्हणजे मराठीत पालच म्हणायची, पण जाडसर, पिवळी, अंगावर काळे ठिपके. मूळची अफगाणिस्तान पाकिस्तान पट्ट्यातल्या कोरड्या खडकाळ भागातली, आता परदेशात कित्येक पिढ्या घरातच वाढवलेली. वीस ते पंचवीस सेंटीमीटर, एवढीच, सहसा याहून मोठी होत नाही, म्हणजे आकाराच्या बाबतीत फसवणूक नाही. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा चाटून साफ करते, हिला पापण्या असतात, डोळे मिटते, म्हणून चेहरा हसरा वाटतो. पायाला चिकटायची गादी नसते त्यामुळे काचेवर चढत नाही, पळून छतावर जायची भीती नाही. दिवसभर झोपते आणि संध्याकाळी उठते, म्हणजे मूल शाळा, क्लास, अभ्यास उरकून बसलं की हिची वेळ झालेली असते. दोनअडीच फुटी टँक पुरतो. एका बाजूला खालून ऊब, साधारण बत्तीस डिग्री, दुसरी बाजू गार, दोन्हीकडे लपायला जागा, आणि एक ओलसर कोपरा कात टाकायला. हीट मॅटला (टँकखाली घालायची गरम चटई) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आवरणारं बटण, लावल्याशिवाय चालू करायची नाही, पोट भाजतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर उलट थंड कसं ठेवायचं हाच प्रश्न असतो, पत्र्याखालच्या खोलीत ठेवूच नका. खाली वाळू घालू नका, गिळते आणि आतडं तुंबतं, साधी टाइल किंवा पेपर टॉवेल घाला.

आता गोम. ती जिवंत किडे खाते. पेलेट नाही, भाजी नाही, पोळीचा तुकडा नाही, जिवंत रातकिडे, मीलवर्म नावाच्या अळ्या आणि खास पाळलेली झुरळं, कॅल्शियमची पावडर लावून. ही झुरळं विकत आणायची आणि घरात डब्यात ठेवायची. मी हे सांगितलं की समोरच्या ताईंचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण त्या आदल्याच महिन्यात पेस्ट कंट्रोल करून बसलेल्या असतात. (पेस्ट कंट्रोल करणार असाल तर टँक दुसऱ्याच्या घरी हलवा, आणि बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांच्या अंगावर औषध असू शकतं.) शाकाहारी घरात हे किती दिवस चालेल ते आधी एकमेकांशी बोलून घ्या. दुसरं म्हणजे शेपटी. घाबरली किंवा शेपटीला धरलं की टाकून देते, परत येते पण पहिल्यासारखी सुंदर नाही. म्हणून मुलाने हात टँकच्या तळाशी सपाट ठेवायचा आणि तिने स्वतःहून चढायची वाट बघायची, वरून झडप घालून उचलायचं नाही, आणि आल्या आल्या पहिले एकदोन आठवडे तर हातच लावायचा नाही. ज्या मुलाला एवढा दम निघत नाही त्याला अजून दोन वर्षं थांबायला सांगा. पंधरा वीस वर्षं हीसुद्धा जगते. आणि साल्मोनेला हिच्याही पोटात असतो, हात धुवायचं सुटत नाही.

बाकीची यादी मी भराभर संपवतो. इग्वाना नावाचा सरडा पिल्लू असताना पोपटी आणि गोड, मोठा झाला की पाच फूट आणि शेपटीचा फटका असा की मोठा माणूस ओरडेल. सुलकाटा नावाचं आफ्रिकन कासव हल्ली इन्स्टाग्रामवर फार दिसतं, ते चाळीस पन्नास किलोचं होतं, त्याला बंगला आणि अंगण लागतं. कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, नुसतं बघण्याने पण ताण घेतो, तो मुलांसाठी नाहीच. बॉल पायथन नावाचा अजगर स्वभावाने गरीब, पण तो उंदीर खातो, तेही फ्रीजरमध्ये साठवलेले, आइस्क्रीमच्या शेजारी, आणि कधी कधी महिनोन्महिने काहीच न खाता बसून घरच्यांचा जीव टांगणीला लावतो.

यातले इग्वाना, सुलकाटा, बॉल पायथन हे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या यादीतले प्राणी आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आलेत. म्हणजे ते घरात असतील तर नोंदणी करायला लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर ऑनलाइन. प्राणी मेला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायला लागतं. विकणारा म्हणाला की पेपरची काही गरज नाही साहेब, सगळे असेच घेतात, तर तिथूनच परत फिरा. कुठलाही परदेशी प्राणी घेताना तो कुठे जन्मला, कोणाकडे वाढला, त्याची पावती हे लेखी मागा, आणि शंका असेल तर पैसे द्यायच्या आधी वन विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा, लेपर्ड गेकोच्या बाबतीतसुद्धा. ऑनलाइन फोटो बघून कुरिअरने प्राणी मागवणं तर कधीच नको, बॉक्समध्ये काय हालत होते ती मी बघितलीय.

आणि ज्यांना हे सगळं वाचून झेपणार नाही असं वाटतंय, त्यांच्या मुलांनी काय बिघडवलंय? घरात पाल आहे की! ट्यूबलाइटजवळ संध्याकाळी कोण आधी येते, मोठी का छोटी, कोण कोणाला हाकलतं, चकचक आवाज कधी करते, पतंग पकडायला किती वेळ दबा धरते, हे एका वहीत लिहून काढायला सांगा, फुकट आहे. सोसायटीच्या कुंपणावर सरडा असतो, एप्रिल मेच्या सुमारास नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, कुंपणावर चढून पुशअप मारतो, मुलं वेडी होतात. कात्रजला सर्पोद्यान आहे, नीलिमकुमार खैऱ्यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं, आता महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे, तिथे मगर, अजगर, नाग सगळं काचेपलीकडे शांतपणे बघता येतं. आणि ज्याला कासवच पाहिजे त्याला वेळासला घेऊन जा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या जवळ. पूर्वी तिथल्या किनाऱ्यावरची समुद्री कासवांची अंडी चोरीला जायची, खाल्ली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ती जपायला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येऊन शंभरएक अंडी घालते, ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, दीडदोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि सकाळ संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ, गावातच घरगुती राहायची आणि जेवायची सोय होते. पिल्लं कधी निघतील ते आपल्या हातात नसतं, एखादी खेप रिकामी जाते, तेवढी तयारी ठेवा, पण टँकमधलं कासव दहा वर्षांत दाखवणार नाही ते तिथे पाच मिनिटांत दिसतं.

शेवटचं, ज्यांच्या घरी स्लायडर आधीच आहे त्यांच्यासाठी, कारण हे पत्र वाचून उद्या कोणीतरी बादली घेऊन तळ्याकडे निघेल. कृपा करून सोडू नका. देवळाच्या तळ्यात सोडलं की पुण्य लागतं असं पुष्कळांना वाटतं, पण हे कासव जगातल्या शंभर सगळ्यात त्रासदायक घुसखोर जातींच्या यादीत आहे, युरोपने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. आपल्याकडे गुवाहाटीला उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडलं, केरळमध्ये त्रिशूरच्या बाजूलाही सापडलंय. ते आपल्या कासवांची उन्हात बसायची जागा बळकावतं, खाणं संपवतं, आजार पसरवतं. ज्यांना सांभाळता येत नाहीये त्यांनी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करून विचारा, जवळच्या प्राणी बचाव संस्थेला विचारा, आधीच त्यांच्याकडे टब भरलेले असतात त्यामुळे लगेच घेतील असं नाही, तोवर मोठा टब, चांगला फिल्टर, बाहेर येऊन बसायला पक्की कोरडी जागा आणि यूव्हीबी ट्यूब एवढं करा. पुढच्या पायाची नखं लांबलचक असतील तर नर. मादी असेल तर नर नसतानाही मोठी झाल्यावर अंडी घालते, त्या वेळी खाणं सोडून टँकमध्ये अस्वस्थ फिरते, काच ओरबाडते. तेव्हा तिला ओलसर वाळूमातीने भरलेला खोल टब द्या, नाहीतर अंडी आतच अडकतात आणि ते जिवावर बेततं.

आपला,
एक फिशटँकवाला, कल्याण (पश्चिम)